जुळायची राहिलेली शिवण

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेचं तान्हं बाळ जन्मतःच फाटलेला ओठ शिवायला नुकतंच आत नेलं होतं.

"तरी मी सांगत होते, जपून राहा. तुझी आपली सारखी धावपळ."

"आई, पुन्हा तेच? डॉक्टरबाई काय म्हणाल्या? पोटात सगळ्यांचाच चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधे जुळतो."

"जुळायला चेहरा म्हणजे काय झबलं आहे?"

"तसंच समजा. ह्याची एक शिवण जुळायची राहिली. आणि ती जुळते दुसऱ्या महिन्यात. मला दिवस गेलेत हेच तेव्हा माहीत नव्हतं, तर जपणार काय, कपाळ?"

"काहीतरी कारण असेलच की."

"कधी कधी घराण्यातून येतं. म्हणून तर त्यांनी विचारलं, आधी कुणाला होतं का. तुम्ही नाही म्हणालात. आई, खरंच कुणाला नव्हतं ना?"

"तुझ्या नवऱ्याला बिनमिशीचा पाहिलायस कधी?"

"नाही. त्यांना आवडतच नाही काढायला."

"आवडत नाही कसलं! मिसरूड फुटल्यापासून मीच काढू देत नाही. खाली टाके आहेत."

"मग तेव्हा तुम्ही कसली धावपळ केली होती?"

"मी? आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून तुझ्या सासऱ्यांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता."