साळूची दुसरी सही

न्हाई न्हाई सायेब, बसा, चहा टाकलाय आत. पंखा आवाज करतोय, करू द्या. काय इचारलं तुमी — वारस? न्हाई ओ. मंडळी गेली त्याला नऊ वरसं झाली, पोरबाळ न्हाई. सव्वीस वरसं फौजेत काढली, पेन्शन हाय — मला काय कमी हाय? म्हणून तर मृत्युपत्रात सगळं तुमच्या विद्यापीठाला लिवलं, रस्त्याकडंची दोन एकर आन् हे घर. मी गेलो की हितं पोरींचं वसतिगृह. वडलांचं नाव पायजे बरं का — आकाराम आबा मुलींचं वसतिगृह — तेवढं पैलं लिवून घ्या. आमच्या कुंडलच्या पोरी शिकाय पायजेत. येताना चौकात फ्लेक्स बघितला न्हवं? 'दानशूर लालासाहेब' — त्यो मीच. गेल्या महिन्यात गावानं सत्कार केला, शाल, नारळ, फेटा. लाजल्यागत झालं, पर बरं बी वाटलं, खोटं कशाला बोलू.

आत कोण? ती व्हय — साळू, माझी बहीण. दाजी वारले, पोटी कोण न्हाई, दिरानं राहू दिलं न्हाई, मग आली हिकडं. सा वरसं झाली. माझं जेवणखाण तीच बघती. वाटा? आवं, तिचा कसला वाटा, तिनं हक्कसोड दिलाय की! आबा गेल्यावर, तासगावला, रजिस्ट्रार हापिसात. आमच्यात बहिणी देत्यातच — भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करती, कोण काय इचारत न्हाई. मी हिरवं इरकल घेतलं हुतं तिला. त्येच नेसून आली. कारकून म्हणला, अंगठा लावा बाई. ती म्हणली, मला सही येती — कुठं करू? का न्हाई येणार? सातवीला केंद्रात पैली आली हुती ती. मी न्हवं, ती! मी तर दोनदा नापास. तरी आबांनी मला शाळंत ठेवलं आन् तिला रानात तण भांगलायला धाडलं. ... पायऱ्या उतरताना म्हणली, दादा, माझं माहेर तेवढं ठेव. ठेवतो म्हणलो मी. म्हणलो हुतो, सायेब.

तिला ठावं हाय का? — आता हाय. मी आधी सांगितलं न्हाई, राहूनच गेलं — न्हाई, राहून कसलं, तोंड उघडंना माझं. सत्काराला फुडल्या रांगेत बसली हुती, तितं माइकवरनं कळलं तिला. टाळ्या वाजवल्या. घरी येऊन शालीची घडी घातली, म्हणली, आबांचं नाव लागंल, बरं झालं. एवढंच. भांडली असती तर मी बी भांडलो असतो. काल म्हणलं, मागची खोली तुझ्या हयातीपर्यंत लिवतो. तर म्हणती, पोरींत म्हातारी कशाला? मी शिराळ्याला नणंदेकडं जाते. ट्रंक भरलीया तिनं.

बदलता येतंय म्हणता? कवा बी? व्हय, कागद बदलतोय ओ. पर चौकात मी दानशूर हाय, त्याला काय सांगू? आन् साळूला काय सांगू — तुझंच तुला देतो, असं? कुठल्या तोंडानं? लाज वाटती सायेब. लय लाज वाटती. बॉर्डरवर कवा एवढा गळाटलो न्हवतो.

तुमी फोनवर म्हणला हुता, बहिणीची ना-हरकत सही असली तर बरं. हुईल की, म्हणलं मी. ती हितंच कांदा चिरत हुती, ऐकलं आसंल तिनं.

ये साळू, ठेव चहा तितं... सायेब, तिनं त्येच इरकल नेसलंय. हिरवं. तीस वरसं ट्रंकंत हुतं. — अगं, चष्मा कशाला आणलास? बस की जरा. न्हाई, कागद काय बघायचा न्हाई तुला — काय म्हणली? सायेब, ऐकलं का तुमी? त्येच म्हणली ओ. कुठं करू सही, म्हणली.

पेन देऊ नगा तिला. सायेब — देऊ नगा म्हणतो न्हवं! उठा. चहा राहू द्या, फाइल बी न्या — मला काय बी सुचंना. जावा तुमी.