वर्षाचे महिने दहाच धरा

सभेचे अध्यक्ष हितेंद्र चुरी साहेब, व्यासपीठावर बसलेले पतपेढीचे सर्व संचालक, ज्यांच्या एका नावावर भोईवाड्यातला हा हॉल शेवटच्या खुर्चीपर्यंत भरला त्या आपल्या बकुळाताई नार्वेकर, आणि समोरच्या सभासद बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी अजित तांबे. लिफ्ट दुरुस्त करतो. भाषण करायची ही पहिलीच वेळ. ताईंच्या सत्काराला कर्जदारांतर्फे कोणीतरी बोलावं असं ठरलं, तेव्हा माझी बायको प्रिती म्हणाली, तुम्हीच बोला, ताईंशी सगळ्यात जास्त भांडण तुमचंच झालंय. ते खरं आहे.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. लोअर परळच्या एका टॉवरच्या लिफ्टचं काम माझ्याकडे होतं. रोज वरखाली करून डोक्यात बसलं की इथे एक छोटा फ्लॅट आपलाही असावा. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. एजंट म्हणाला, महिना चाळीस हजार भाडं कुठे गेलं नाही, त्यातच बँकेचा हप्ता सुटेल, तुम्ही फक्त मालक म्हणून मिरवा. तुम्हीच सांगा, अशा बोलण्यावर कोण भाळणार नाही?

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण त्याआधी वीस लाख आमचे भरायचे होते. ते मागायला मी पतपेढीत आलो. तारण काय? आमची राहती खोली. ती माझ्या वडिलांच्या, भिवा तांबे यांच्या नावावर. उभा जन्म गिरणीत घालवून त्यांनी तेवढंच मिळवलेलं. बाबा समोर तिसऱ्या रांगेत बसलेत.

कर्जविभागात बकुळाताई. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि आधी बाबांना खुर्ची दिली. म्हणाल्या, "भिवाकाका, हप्ते थकले तर खोली तुमची जाईल. मुलगा म्हणतो म्हणून सही करू नका. पटलं तर करा."

बाबा म्हणाले, मी पोराच्या शब्दाबाहेर नाही. पण पेन हातात घेऊन ते नुसते बसून राहिले.

मग ताई माझ्याकडे वळल्या. चाळीस हजार भाडं तिथे कोण देतं, त्या माणसाला तुम्ही भेटलात का? नाही. सोसायटीचं मेंटेनन्स किती? ठाऊक नाही. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा, मधल्या काळातला हप्ता कोण भरणार? मी म्हटलं, मॅडम, टॉवरमधली जागा रिकामी राहत नसते. त्या म्हणाल्या, भाड्याच्या हिशोबात वर्षाचे महिने दहाच धरायचे. एक महिना जागा रिकामी जाते, एक महिन्याचं भाडं रंग-डागडुजी खाते.

मला राग आला. मी बोलून गेलो की तुम्ही कधी मोठा विचार केलाच नाही. आज सर्वांसमोर त्याची माफी मागतो. तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "अजित, लिफ्ट तुमची आहे. कोणत्या मजल्यावर माणसं उतरतात, ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?"

आता लिफ्टच्या मशीनमध्ये प्रत्येक मजल्याची नोंद असते, दार किती वेळा उघडलं त्याची. आठ वर्षं मी ती बिघाड शोधायला बघत होतो. पुढच्या सर्व्हिसिंगला गेलो आणि पहिल्यांदा माणसं शोधायला बघितली. गुंतवणूकवाल्यांचे सगळे छोटे फ्लॅट नवव्यापासून चौदाव्या मजल्यापर्यंत. बाराव्या मजल्यावर आठवड्यात दार उघडलं सोळा वेळा. त्यातल्या चार वेळा मीच. बाकीच्या वेळा बहुधा एजंट, आमच्यासारख्यांना जागा दाखवायला! वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, भाडेकरू आहेत, मोजके, आणि ते पंचवीस-सव्वीस हजारांच्या वर भाडं देत नाहीत.

घरी आलो आणि बाबांना आधी सांगितलं, सही नको. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले. आठवडाभर त्यांचं जेवण कमी झालं होतं, हे मला तेव्हा प्रितीने सांगितलं.

तोंड पाडून पतपेढीत गेलो. वाटलं, ताई आता टोमणा मारणार. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, परळमध्ये एवढी इस्पितळं आहेत, जवळपास जागा कोणाला लागते, त्याचा विचार करा. भोईवाड्यातच एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळत होती. ताई स्वतः बघायला आल्या, जिना चढल्या, पाणी किती वाजता येतं ते शेजारणीला विचारलं, आणि नको म्हणाल्या. इथे कोणी पेशंट आला तर दोन जिने कसा चढेल? चार महिन्यांनी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची मिळाली. लिफ्टवाल्याने बिनलिफ्टच्या इमारतीत जागा घेतली, यावर माझे मित्र अजून हसतात.

यावेळी तारण त्याच खोलीचं. बाबांच्या घराला धक्का नाही. अट एकच, सहा हप्त्यांची रक्कम मुदत ठेवीत. त्यावरूनही मी भांडलो. पुढे एकदा मोटारसायकलसाठी ठेव मोडायला आलो, तर ताईंनी अर्जच घेतला नाही.

तिथे इस्पितळातल्या श्रेया सिस्टर आणि त्यांची मैत्रीण पाच वर्षं राहिल्या. दोघींना केरळात नोकरी लागली, खोली रिकामी झाली, आणि त्याच महिन्यात कामावर माझा हात मोडला. तीन महिने पगार नाही, भाडं नाही. हप्ता मात्र एकही चुकला नाही. तो त्या ठेवीतून गेला. प्लॅस्टरमधला हात घेऊन मी ताईंचे आभार मानायला आलो, तर त्या म्हणाल्या, हात बरा झाला की ठेव परत भरा.

अध्यक्ष साहेब घड्याळाकडे बघतायत. एकच सांगतो.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. त्या भाडेकरू म्हणून राहतात ती पागडीची इमारत रीडेव्हलपमेंटला गेलीय. तीन वर्षं कुठेतरी भाड्याने राहायचंय, तुमची खोली रिकामी आहे का? इतकी वर्षं लोकांना घराची कर्जं देणाऱ्या या बाई स्वतःच्या नावावर घर नसताना आम्हाला घरमालक करत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, ताई, या. भाड्याचं नावही काढू नका.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अजित, तुमचे अजून वीस हप्ते आहेत. भाडं घेणार नसाल, तर मी दुसरी जागा बघते."

एक तारखेला त्या राहायला येतायत. करार त्यांनी स्वतः तपासला आणि दोन कलमं माझ्याच फायद्याची वाढवली.

ताई, पतपेढीने मला दोन शब्द बोलायची संधी दिली, तिचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. आणि मंडळी, तिसऱ्या रांगेत आमचे बाबा पिशवी घेऊन का बसलेत, हे मघापासून तुम्ही विचारत असाल. खोलीला काल त्यांनी स्वतः नवीन रंग दिलाय. पिशवीत किल्ल्या आहेत. त्या ताईंना मी द्यायच्या नाहीत, असं त्यांनी मला बजावलंय. बाबा, या वर.