फरशीवरून चालत राहा

हार्लन : ...म्हणून सांगतो, लॉरेल, त्या पोहण्याच्या तलावाचा नाद सोड. एकवीस वर्षांखालच्यांना तिथे सोडत नाहीत, आणि एकवीसच्या वरचे जे असतात ते बघवत नाहीत.

लॉरेल : मग दोन लहान मुलींना घेऊन या शहरात माणसाने करायचं काय, बाबा?

हार्लन : मासे. मघापासून तेच सांगतोय. मी नोकरीला होतो त्या हॉटेलात भिंतीएवढी काचेची टाकी आहे. शार्क आहे त्यात.

डॉटी : आजोबा, शार्क खरा आहे?

हार्लन : लास व्हेगासमध्ये खऱ्या अशा दोनच गोष्टी आहेत, डॉटी. तो शार्क आणि ऊन.

लॉरेल : ऊन तर पार्किंगमध्येच कळलं. इडाच्या बाबागाडीची दांडी हातात धरवत नव्हती. सकाळचे दहा वाजलेत आणि पारा एकशे सहा फॅरनहाइटवर.

हार्लन : तिकडे थंड आयडाहोत राहून मऊ पडलीस तू. जन्म इथलाच ना तुझा?

डॉटी : आई, ती बाई पिसं लावून का उभी आहे?

लॉरेल : कामावर आहे ती.

डॉटी : कामावर तिला कपडे नाही दिले?

हार्लन : दिलेत की. सगळे डोक्यावर आहेत.

लॉरेल : बाबा!

हार्लन : काय बाबा? ओळखतो मी तिला. दोन मुलं आहेत तिला, तुझ्यासारखीच. सकाळी येऊन लोकांबरोबर फोटो काढून घेते, म्हणजे तीनला शाळेतून मुलांना आणता येतं. चल, आत चल. इडा उठेल उकाड्यानं.

लॉरेल : मासे कुठल्या बाजूला?

हार्लन : पार पलीकडच्या टोकाला. मधे जुगाराचा हॉल ओलांडायचा.

लॉरेल : आणि दुसरी वाट नसेलच.

हार्लन : असती तर हॉटेल कधीच बुडालं असतं. डॉटी, इकडे बघ. ही फरशी दिसते? आणि हा लाल गालिचा?

डॉटी : हो.

हार्लन : फरशी तुझी, गालिचा मोठ्यांचा. गालिच्यावर पाय ठेवायचा नाही आणि फरशीवर थांबायचं नाही, लहान मुलांसाठी कायदाच आहे तसा. चालत राहायचं.

डॉटी : बुटाची लेस सुटली तर?

हार्लन : तशीच ओढत न्यायची.

डॉटी : आणि शू लागली तर?

लॉरेल : लागलीये का तुला?

डॉटी : नाही. विचारून ठेवते.

हार्लन : तुझ्या आईलाही हाच नियम होता. हिची आई, म्हणजे तुझी आजी, त्या मागच्या कॉफीच्या दुकानात कामाला होती. शाळा सुटली की तुझी आई इथून तिकडे जायची. आणि मी तिथे, त्या तिसऱ्या टेबलावर, पत्ते वाटत उभा. एकतीस वर्षं.

लॉरेल : बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.

हार्लन : तुझ्या आईच्या अंत्यविधीचं असेल तर राहू दे.

लॉरेल : तेच आहे.

हार्लन : दोन वर्षं झाली. तू काय बोललीस तेही मला आठवत नाही.

लॉरेल : आठवतं तुम्हाला.

हार्लन : ‘जगातल्या सगळ्या दारुड्यांना पत्ते वाटलेत, पण स्वतःची मुलगी समोरून जाताना एकदाही तिची दखल घेतली नाहीत.’ असंच काहीतरी. शब्द थोडे इकडेतिकडे.

लॉरेल : शब्दही तेच.

हार्लन : दुःखात माणूस बोलतो. फक्त चर्चच्या जेवणात, सगळ्यांच्या हातात ताटल्या असताना बोललीस, एवढंच. बिचाऱ्यांना खावं की थांबावं कळेना.

लॉरेल : बाबा, ऐका. त्या दिवशी मी जे म्हटलं ते—

डॉटी : आई, आपण थांबलोय! तो माणूस येतोय!

लॉरेल : हो, हो साहेब. चालतोच आहोत. हो, लहान मुली बरोबर आहेत, मलाही दिसतंय. चल, डॉटी.

हार्लन : पहारेकरी नवा दिसतो. जुने निदान हसायचे तरी. लॉरेल, तुम्ही व्हा पुढे. मी जरा टेकतो.

लॉरेल : का? काय होतंय?

हार्लन : गुडघा.

लॉरेल : मग बाकावर बसा ना.

हार्लन : बाक? या हॉलमध्ये बाक कुणी पाहिलंय? बसायचं तर जुगाराच्या यंत्रापुढच्या स्टुलावर. बसतो तिथेच.

लॉरेल : मी थांबते तुमच्याजवळ.

हार्लन : तू थांबलीस की मुली थांबल्या. मुली थांबल्या की तो आला. ही फरशी गोल फिरून परत इथेच येते. एक चक्कर मारून या, तोवर बरा होतो मी.

लॉरेल : धाप लागलीये तुम्हाला. गुडघ्यानं कुणाला धाप लागते?

हार्लन : दोन्ही गुडघे दुखतायत. जा आता, तो बघतोय.

डॉटी : आई, तू आजोबांशी भांडलीस?

लॉरेल : आज नाही. मागे भांडले होते.

डॉटी : मग सॉरी म्हण.

लॉरेल : चालता चालता म्हणण्यासारखं नाहीये ते.

डॉटी : मी तर म्हणते चालता चालता. पळता पळता पण म्हणते.

लॉरेल : इडाचा बूट पडला बघ. उचल पटकन. चालत राहा.

डॉटी : आई, या खांबांना आरसे आहेत. त्यात मागचं सगळं दिसतं. आजोबा पण दिसतायत, एवढेसे!

लॉरेल : हो.

डॉटी : तू तर बघितलं पण नाहीस.

लॉरेल : माहितीयेत मला ते आरसे.

डॉटी : आजोबा! आलो आम्ही! एक चक्कर झाली! तू खेळतोयस?

हार्लन : नाही गं, नुसता बसलोय. यंत्राची समजूत झालीय की खेळतोय.

लॉरेल : तुमचा रंग उतरलाय, बाबा.

हार्लन : या दिव्यांखाली सगळ्यांचाच उतरतो.

लॉरेल : मी कुणाला तरी बोलावते. इथे डॉक्टर असेल ना?

हार्लन : बोलाव, म्हणजे चाकाच्या खुर्चीत घालून सगळ्या हॉलमधून नेतील मला. निम्मे लोक अजून ओळखतात इथे. पाणी प्यायलो, बरं आहे. अजून एक चक्कर मारा, मग उठतोच.

लॉरेल : बाबा, मी त्या दिवशी—

हार्लन : लॉरेल, तो निघाला बघ तिकडून.

लॉरेल : निघालो! आम्ही थांबलो नाही, वेग कमी केला फक्त!

डॉटी : आई, तो तुझ्यावर रागावला?

लॉरेल : त्याचं कामच आहे ते.

डॉटी : आजोबांनी आपण निघताना काहीतरी केलं. मी आरशात बघितलं. टाळी वाजवली हळूच, आणि हात असे उलटेपालटे केले.

लॉरेल : चल पुढे, डॉटी.

डॉटी : विचारू त्यांना?

लॉरेल : नको.

डॉटी : का नको? आजोबा! दुसरी चक्कर! तू टाळी का वाजवलीस?

हार्लन : अरेच्चा, दिसलं तुला? ते हात साफ दाखवणं, बाळ. पत्ते वाटणाऱ्यानं टेबलावरून हात काढला की करायचं. एक टाळी, तळवे वर, तळवे खाली. छतात कॅमेरे असतात ना, त्यांना दाखवायचं की माझ्या हातात काही नाही. नाक खाजवायचं तरी आधी हे, मग नाक.

डॉटी : पण आता तू कामावर नाहीस.

हार्लन : सवय. तुझी आई तुझ्याएवढी असताना इथून जायची ना, तेव्हा मला हात हलवता यायचा नाही. हाक मारता यायची नाही. पत्त्यांवरून नजर हलली तरी साहेब मागे उभा. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचं पिवळं दप्तर दिसायचं. ते पुढे गेलं की मी हात साफ दाखवायचो. उगाचच. टाळी वाजवायला तेवढीच एक परवानगी होती.

डॉटी : आणि साहेब?

हार्लन : साहेब म्हणायचा, ‘हार्लन, रोज साडेतीनलाच कशी रे खाज सुटते तुला?’

डॉटी : आई! तुला माहीत होतं?

हार्लन : तिला कुठून माहीत असणार? ती सरळ समोर बघून चालायची. नियम पाळणारी पोर होती. चूक माझी. घरी सांगायला हवं होतं, पण मी घरी जाईपर्यंत तुम्ही झोपलेल्या, आणि तुम्ही उठाल तेव्हा मी झोपलेला.

लॉरेल : बाबा, मी—

डॉटी : आई, मला आता लागली.

लॉरेल : काय?

डॉटी : शू. खरंच लागली. खूप.

लॉरेल : दोन मिनिटं, डॉटी. हो साहेब, ऐकलं! धाकटी तीन वर्षांची आहे, झोपलीये बाबागाडीत, ती काय जुगार खेळणार आहे? माझे वडील बसलेत इथे, त्यांना बरं नाही, मला त्यांच्याशी एक वाक्य बोलायचंय. एक वाक्य!

हार्लन : लॉरेल, वाद घालू नकोस. त्याचीही नोकरी आहे. पोरीला ने आधी. माशांच्या टाकीच्या अलीकडे डाव्या हाताला. मी येतो मागून.

डॉटी : आई!

लॉरेल : बसून राहा, बाबा. मी आलेच. हलू नका.

हार्लन : मी कुठे जातोय?

(दुपारी, घरी परतताना गाडीत.)

डॉटी : आजोबा, शार्क नुसता झोपला होता.

हार्लन : दुपार झाली की झोपतो तो. मीही झोपायचो. गाडीतला गारवा वाढव, लॉरेल. छान वाटतंय.

लॉरेल : आधी दवाखान्यात जाऊ या का? वाटेतच आहे.

हार्लन : घरी चल. तुला काही झालं की लगेच दवाखाना. आईवर गेलीस.

लॉरेल : उद्या तरी दाखवा.

हार्लन : उद्या दाखवू. आणि ते तुझं एक वाक्य, तेही उद्या. सकाळी मी पॅनकेक करतो. तू टेबलाशी बस, मी तव्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

लॉरेल : आताच सांगते ना. मघाशी तुम्ही डॉटीला जे सांगितलंत, दप्तराचं, ते... बाबा?

डॉटी : झोपलेत. इडासारखे. तोंड उघडं आहे.

लॉरेल : झोपू दे. उठवू नको.

डॉटी : मग वाक्य?

लॉरेल : सकाळी.

(दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठ. हॉस्पिटलमधली खोली. पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला.)

लॉरेल : हो, मी मुलगी. एकुलती. सहाच्या सुमाराला. मला पीठ घुसळल्याचा आवाज आला, मग थांबला. मी धावत गेले तर ओट्याशी खाली... हो, ते सांगितलं मी अँब्युलन्सवाल्यांना. आधी काही त्रास? काल. काल धाप लागली होती. गुडघा म्हणाले. नाही, दाखवलं नाही. मी तिथे थांबू शकले नाही. मुली बरोबर होत्या, आणि तिथे थांबू देत नाहीत, म्हणून मी चकरा... नको. ते लिहू नका. आभारी आहे. हो, ओढून घेते मी पडदा.

डॉटी : नर्स रागावली?

लॉरेल : नाही. चांगली आहे ती.

डॉटी : इडा शेजारच्या आजींकडे रडत असेल.

लॉरेल : असेल. जाऊ आपण थोड्या वेळानं.

डॉटी : आई, इथे थांबलं तर चालतं का?

लॉरेल : चालतं. हवं तितका वेळ थांबा म्हणाली.

डॉटी : मग बस ना. दोन खुर्च्या आहेत.

लॉरेल : बसते.

डॉटी : आजोबांना ऐकू येतं?

लॉरेल : नाही, डॉटी. गाडीत काय सांगितलं मी तुला?

डॉटी : की ते मेलेत.

लॉरेल : हो.

डॉटी : तू सॉरी म्हणालीस का सकाळी?

लॉरेल : मी उठून जाईपर्यंत...

डॉटी : म्हणजे नाहीच.

लॉरेल : नाहीच.

डॉटी : त्यांनी निघताना हात साफ दाखवले नाहीत. टेबल सोडताना दाखवायचे असतात ना? मी दाखवू त्यांचे?

लॉरेल : राहू दे. आहेत तसेच राहू देत त्यांचे हात.

डॉटी : मी बाहेर उभी राहू? तुला वाक्य म्हणायचं असेल तर.

लॉरेल : नको. इथेच थांब. माझा हात धर.

डॉटी : म्हण. कुणी येत नाहीये.

लॉरेल : बाबा. चर्चमध्ये मी खोटं बोलले. दप्तर मी डाव्या खांद्यावर घ्यायचे. शाळेपासून डाव्याच. तुमचं टेबल उजवीकडे होतं, म्हणून दारातून आत आले की मी ते उजव्या खांद्यावर घ्यायचे. तुम्हाला दिसावं म्हणून. आणि मग सरळ समोर बघत चालायचे, पहिल्या खांबापर्यंत.

डॉटी : आरशाच्या खांबापर्यंत?

लॉरेल : हो.

डॉटी : म्हणजे तुला दिसायचं?

लॉरेल : एक टाळी. तळवे वर. तळवे खाली. रोज दिसायचं, बाबा.