शिवांगी पेपरातून उठली तेव्हा

लातूरच्या एका क्लासच्या काउंटरवर मी बसलो होतो, समोर किल्लारीकडची एक आजी उभी होती.

"माझ्या नातीचं नाव वरच्या बॅचमधून का काढलं?"

"आजी, घरून ऑनलाइन पेपर होता. शिवांगी मधेच कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. एआयनं कॉपी धरली."

"पेपर चालू असतानाच भूकंपाचा धक्का बसला की. भांडी वाजली की अंगणात पळायचं, हे आमच्यात लेकरू चालाया लागलं की शिकवतेत. आन् तुम्ही तिला चोर म्हणायलात?"

"मशीनला ते कळत नाही. इंजिनियर लोकांनी बनवलंय."

"मोठ्या भूकंपात किल्लारी पडली तवा कालेजच्या पोरी आल्त्या, समाजशास्त्र शिकणाऱ्या. आता घरात निजता का भाईर, हे बी बसून इचारलं त्यांनी. मशीन बनवताना तसली एक तरी संगं घ्यायची व्हती."

"मी काय करणार? नियम सगळ्यांना सारखाच."

"सगळ्यांना? धक्का बसला तवा तू कुठं व्हतास, बाबा?"

"इथंच. म्हणजे... खाली, रोडवर."

"कुणाला इचारून उठलास?"