लाल ठिपके

१९८८चा जून. कार्डिफमधल्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये रांगेत माझ्यापुढे दोन मराठी डॉक्टर उभे होते. मला मराठी कळतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"उदय, डोंगरातलं तेच तळं, तोच दगड. तुला चार ट्राउट आणि मला शेवाळ?"

"शशी, तू अजून एप्रिलसारखाच गळ तळाशी सोडतोस. पाणी गार असताना मासा खाली असतो. आता संध्याकाळी तो किडे खायला वर येतो. गळाला ती पिसांची खोटी माशी, फ्लाय, लाव आणि पाण्यावर तरंगती ठेव."

"हे आत्ता सांगतोयस?"

"तीनदा सांगितलं."

"बरं, ते मासे आमच्याकडे आणून देणं आधी बंद कर."

"अरे, मंजिरी घरात मासा आणू देत नाही. कुठे नेऊ?"

"कुठेही ने. मधू तळताना सारखी म्हणते, उदयभावजींच्या हाताला यश आहे."

"पण शनिवारी मी ऑन-कॉल होतो, तेव्हा तूही दोन आणलेस ना?"

"आणले की. त्याच दगडापाशी मिळाले."

"वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, यांच्या माशांवर लाल ठिपकेच नाहीत."

"मग?"

"आपल्या तळ्यातल्या प्रत्येक ट्राउटवर असतात, शशी. मार्केटमधल्या, हौदात पाळलेल्यांवर नसतात."

"तू काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, उन्हाळ्यात काहींचे ठिपके फिके पडतात."

"पटलं तिला?"

"लगेच. म्हणाल्या, तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच."