लिनक्सवरची घोडी

आळेफाट्याला एसटीची वाट बघत टीना रांगेत उभी होती. मागं एक बहीण-भाऊ. त्यांच्या बोलण्याला आज उधाण आलं होतं.

"दादा, आपला बैलगाड्याचा गेम लोक स्टोअरवरून घ्यायला लागलेत!"

"लई भारी, तेजू! पण लिनक्सवाल्या कंप्युटरवर खेळणारा एकच हाय. त्या एकट्यापायी येगळं काम कशाला? बंद करू लिनक्स."

"येडा झाला का? त्या एकट्यानंच चूक धरली. लिनक्सवर घोडी बैलांच्या मागं पळत व्हती, तुला तरी दिसली का?"

"असंल कुणी जर्मनीबिर्मनीतला."

"जर्मनीतल्या माणसाला काय ठाऊक, शर्यतीत घोडी बैलांच्या पुढं पळती म्हणून?"

"मंग आपल्याकडं लिनक्स वापरतंय कोण?"

"ते मला काय म्हाईत! मी काल दुरुस्त करून टाकलं. त्याचं उत्तर न्हाई आलं अजून."

"आज न्हाई आलं तर बंद. कबूल?"

"...कबूल."

टीनाला राहवेना. ती गर्रकन मागं वळली.

"भाऊ, बंद नका करू! सकाळी माझं दुकान उघडायच्या आधीच खेळून बघितलं मी. घोडी आता पुढं पळतीये. पण तिच्यावरचा स्वार मागंच राहिलाय हो!"