दीडातला अर्धा

कम्प्युटर खोटं बोलत न्हाय, असं कुणी म्हणलं की मला चहासुद्धा कडू लागतो. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. इंदापूरकडं कालव्याच्या एका ऑफिसात पाणी मोजायचा प्रोग्रॅम मीच लिहिलेला. चारीच्या, म्हणजे कालव्यातनं शेताकडं जाणाऱ्या पाटाच्या, पार शेवटाला ऊस असलेले एक तात्या आले.

"कागदावर लिवताय त्याच्या निम्मंच पाणी येतंय."

मी ऐटीत छापील कागद दाखवला. "तात्या, कम्प्युटर खोटं बोलत न्हाय."

त्यांनी मला धरून चारीवर नेलं. मोजपट्टीवर पाणी पाव मीटर. सूत्रात पाण्याच्या उंचीचा दीड घात असतो, म्हणजे पावाला त्याच्या वर्गमुळानं, अर्ध्यानं, गुणायचं. तिथंच हातानं गणित केलं, तर पाणी खरंच निम्मं! माझा प्रोग्रॅम दीडातला एक घ्यायचा अन् अर्धा सोडून द्यायचा, त्यामुळं आकडा दुप्पट छापायचा.

मी चूक दुरुस्त करून साहेबांना दाखवली. ते म्हणाले, "जुने आकडे वर गेलेत. आता बदललेस तर दोघंही घरी बसू. जुनाच प्रोग्रॅम चालव."

पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला तात्या परत आले. ऊस वाळून चालला होता.

"तू तर सवता बघितलंस न्हवं?"

साहेब समोरच बसले होते. मी कागद पुढं सरकवला.

"तात्या, कम्प्युटर खोटं बोलत न्हाय."